बारीकसारीक

माझ्या पहिल्यावहिल्या भाषांतराच्या कागदावर बाईंनी फक्त दोन गोल काढले होते. शिसपेन्सिलीचे, अगदी फिकट. समासात काही लिहिलेलं नाही, फुली नाही, प्रश्नचिन्ह नाही. आणि ते गोल माझ्या मराठीवर नव्हतेच. सोबत टाचलेल्या मूळ इंग्रजी कागदावर, एका वाक्यातल्या दोन स्वल्पविरामांभोवती होते.

वाक्य साधं होतं. कुठल्याशा संस्थेच्या सभेचं इतिवृत्त होतं ते. 'द मेंबर्स, हू हॅड पेड द फी, वेअर अलाउड टू व्होट.' मी लिहिलं होतं, 'ज्या सभासदांनी शुल्क भरले होते त्यांना मतदानाची परवानगी देण्यात आली.' एकही शब्द अडला नव्हता, शब्दकोश उघडावा लागला नव्हता. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून मी पुढच्या पानावर गेले होते.

"काय चुकलं?" मी विचारलं.

"शब्द एकही नाही चुकला," बाई म्हणाल्या. "अगं, पण हे दोन डास बसलेत ना कागदावर, त्यांच्याकडे बघ की जरा."

बघण्यात अर्धा दिवस गेला. शेवटी डोक्यात प्रकाश पडला तो असा की, त्या दोन स्वल्पविरामांच्या मधलं 'हू हॅड पेड द फी' हे जाता जाता दिलेली माहिती आहे. ते उचलून बाजूला ठेवलं तरी वाक्य उभं राहतं. म्हणजे शुल्क सगळ्यांनीच भरलेलं होतं आणि मतदानाची परवानगीही सगळ्यांनाच मिळाली. स्वल्पविराम नसते, तर मात्र ज्यांनी भरलं तेवढ्यांनाच मत देता आलं, असा अर्थ झाला असता. आणि मी नेमका तोच लिहून बसले होते. मराठीतलं 'ज्यांनी... त्यांना' निवड करतं, गट पाडतं. माझ्या एका वाक्याने संस्थेत फूट पडली होती. शुल्क न भरलेले, दाराबाहेर ताटकळत उभे असलेले काही सभासद मी नव्याने जन्माला घातले होते.

दुरुस्ती दोन मिनिटांची होती. 'सर्व सभासदांनी शुल्क भरलेले होते. त्यांना मतदानाची परवानगी देण्यात आली.' बाईंनी मान हलवली आणि कागद पुढे सरकवला. मला मात्र त्या दिवसापासून इंग्रजीची वेगळीच भीती बसली. तोवर मी मोठ्या शब्दांना घाबरायचे. तेव्हापासून बारक्यांना घाबरते.

मोठ्या शब्दांचं माझं वेड जुनं. एक वही होती, तिच्यात डावीकडे शब्द आणि उजवीकडे अर्थ, रोज दहा शब्द पाठ करायचे. 'ऑब्स्ट्रेपरस' म्हणजे दंगेखोर, आरडाओरडा करणारा, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. पण कुणी विचारलं नाही. त्यानंतरच्या सगळ्या वर्षांत हा शब्द मला एकदाच भेटला, तोही दुसऱ्या एका शब्दांच्या यादीत.

खरं म्हणजे मोठे शब्द गरीब स्वभावाचे असतात. 'फोटोसिंथेसिस'ला एकच काम ठाऊक असतं. ते तो इमानेइतबारे करतो, आणि शब्दकोशात त्याला दोन ओळी पुरतात. उलट 'सेट', 'रन', 'गेट', 'पुट' ही तीन-तीन अक्षरांची पोरं मोठ्या ऑक्सफर्ड शब्दकोशात पानंच्या पानं अडवून बसलेली आहेत. 'सेट' आणि 'रन' यांच्या अर्थांची गणती शेकड्यांत जाते. जो शब्द जास्त हाती येतो तोच जास्त झिजतो, आणि झिजलेल्या शब्दाला कुठलाही आकार घेता येतो.

'पुट' म्हणजे ठेवणे, हे पहिल्या दिवशी शिकवतात. मग 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'पुट आउट' म्हणजे विझवणे, 'पुट अप' म्हणजे भिंतीवर लावणे किंवा एखाद्याची राहण्याची सोय करणे. आणि 'पुट अप विथ' म्हणजे निमूटपणे सोसणे. ठेवणे, वर आणि सह या तिघांची बेरीज 'सोसणे' कशी होते, हे मला कुणी सांगू शकलं नाही. 'पाठ करून टाक' एवढंच सगळे म्हणायचे. ही गणितं पाठच करायची असतील तर भाषा आणि टेलिफोनची डिरेक्टरी यांत फरक तो काय, अशी माझी कुरकुर असायची.

कुरकुर थांबली ती भलत्याच वाटेने. मराठी शिकणाऱ्या एका परदेशी मुलीने मला विचारलं, "सांगून टाकलं, सांगून बसले, सांगून ठेवलं आणि सांगून पाहिलं, यात फरक काय?" मी उत्साहाने तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. फरक तर लख्ख दिसत होता. सांगून टाकलं म्हणजे मनावरचं ओझं उतरलं. सांगून बसले म्हणजे सांगायला नको होतं, आता पस्तावा. सांगून ठेवलं म्हणजे पुढच्या सोयीसाठी आधीच कानावर घातलं. सांगून पाहिलं म्हणजे प्रयत्न केला, फळ काही मिळालं नसावं. पण यात टाकलं काय, बसलं कोण, ठेवलं कुठे? त्या मुलीच्या शब्दकोशात 'टाकणे' म्हणजे 'थ्रो' एवढंच होतं. ती बिचारी वाक्यात फेकलेली वस्तू शोधत होती, जशी मी 'पुट अप विथ'मध्ये 'वर' शोधत होते.

त्या रात्री मी 'अप'कडे नव्याने पाहिलं. 'ईट अप', 'ड्रिंक अप', 'यूज अप'. खाऊन टाक, पिऊन टाक, वापरून टाक. यातला 'अप' वर जात नाही, तो क्रिया पुरती करतो, तळ दाखवतो. 'टाक'चं काम तो करतो. आपण क्रियापदामागे दुसरं क्रियापद जोडून जी छटा आणतो, तीच इंग्रजी माणूस क्रियापदामागे 'अप', 'ऑफ', 'आउट' अशी शेपटी लावून आणतो. सगळं गणित सुटलं असं नाही. 'पुट अप विथ' मला आजही सुटलेलं नाही. पण डिरेक्टरी पाठ करतेय ही भावना गेली. आता असं वाक्य आलं की मी आधी मराठीला विचारते: इथे तू 'टाकलं' म्हणशील, 'बसली' म्हणशील, की 'ठेवलं'? बहुतेक वेळा ती सांगते.

शब्दसंपत्तीचा दुसरा धडा मला कायद्याच्या कागदांनी दिला. त्यात शब्द जोडीजोडीने येतात. 'विल अँड टेस्टमेंट', 'ब्रेकिंग अँड एंटरिंग', 'गुड्स अँड चॅटल्स'. सुरुवातीला मी दोन्हींचं वेगवेगळं भाषांतर करायचे. 'गुड्स'ला 'माल', 'चॅटल्स'ला 'जंगम मालमत्ता', आणि मग या दोहोंत कायद्याने काय फरक केलाय म्हणून दिवसभर ग्रंथ उपसायचे. फरक जवळपास नव्हताच. १०६६ मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबाराची, कायद्याची भाषा फ्रेंच झाली. खाली लोक इंग्रजी बोलत राहिले. 'गुड्स' हा खालचा, जुन्या इंग्रजीतला. 'चॅटल्स' हा वरून आलेला, फ्रेंच. दोन भाषांच्या जगात कुणालाही गैरसमजाला जागा राहू नये म्हणून एकच गोष्ट दोनदा म्हणायची सवय लागली असं मानतात, आणि लागलेली सवय कायद्याच्या भाषेतून सहजासहजी जात नाही. १३६२ मध्ये इंग्लंडमध्ये कायदा झाला की लोकांना फ्रेंच कळत नाही, तेव्हा न्यायालयात युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत. तो कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये.

हे वाचून हसत असतानाच मला 'गुड्स अँड चॅटल्स'साठी शब्द सापडला. चीजवस्तू. 'चीज' फारसी, 'वस्तू' संस्कृत, दोघांचा अर्थ एकच. इंग्रजीची जी खोड मला विचित्र वाटत होती ती माझ्याच तोंडात होती. धनदौलत, कागदपत्र, रीतरिवाज, मानमरातब. प्रत्येक जोडीत एक घरचा आणि एक दरबारातून आलेला, आणि इतकी वर्षं एकत्र नांदल्यावर कुठला कोणता हे कुणी विचारत नाही.

या थरांचा रोजच्या कामात उपयोग होतो तो नूर ओळखण्यासाठी. 'आस्क', 'क्वेश्चन', 'इंटरॉगेट' यांचा शब्दकोशातला अर्थ थोड्याफार फरकाने विचारणे हाच. पहिला जुन्या इंग्रजीतला, दुसरा फ्रेंचमधून, तिसरा लॅटिनमधून. पहिला शेजारी बसून विचारतो, दुसरा समोर उभा राहून, तिसरा खोलीचं दार लावून घेतो. विचारणे, प्रश्न करणे, उलटतपासणी घेणे. बाई म्हणायच्या, "अर्थ कुणीही सांगेल, शब्दाने कपडे कोणते घातलेत ते आधी बघ."

स्पेलिंगबद्दल मी फार बोलत नाही. त्याच्या नावाने सगळ्या जगाने रडून घेतलं आहे. एकच सांगते, कारण ते मला अतोनात आवडतं. 'आयलंड'मधला न उच्चारला जाणारा 'एस' हा चुकून आलेला पाहुणा आहे. जुन्या इंग्रजीतल्या शब्दात तो नव्हताच. तिकडे लॅटिनच्या 'इन्सुला'वरून फ्रेंचमार्गे आलेला 'आइल' हा वेगळाच शब्द होता, त्यात 'एस' होता. विद्वानांना वाटलं हे दोघे सख्खे भाऊ, म्हणून याच्याही अंगावर 'एस' चढवला. त्याच सुमाराला 'डेट' म्हणजे कर्ज या शब्दात, लॅटिनमध्ये 'डेबिटम' आहे म्हणून, 'बी' घुसवला गेला. तो निदान खऱ्या पूर्वजाचा तरी होता. पण 'आयलंड'चा 'एस' निव्वळ चुकीच्या वंशावळीचा, आणि गेली चार-पाचशे वर्षं जगभरची मुलं तो विसरल्याबद्दल मार्क गमावत आहेत.

व्याकरणात मला सर्वांत छळलं ते 'द' या अडीच माशांच्या शब्दाने. नियम पाठ होते: पहिल्यांदा उल्लेख तेव्हा 'अ', दुसऱ्यांदा 'द'. सूर्य, चंद्र एकमेव म्हणून 'द'. नद्यांना 'द', तळ्यांना नाही. पण नियमांची यादी जितकी वाढत गेली तितकं माझं इंग्रजी जास्त अडखळायला लागलं. शेवटी मी 'द' भुरभुरवायला लागले, जिथे वाक्य जरा मोकळं वाटेल तिथे एक टाकायचा.

मग एका कथेचं भाषांतर करताना थबकले. कथेच्या पहिल्याच ओळीत एक बाई घरी येते आणि 'शी ओपन्ड द डोअर'. दाराचा हा पहिलाच उल्लेख. नियमाने 'अ डोअर' हवं. पण 'शी ओपन्ड अ डोअर' म्हणून पाहिलं आणि अंगावर काटा आला. त्या घराला अनेक दारं झाली, त्यांतलं कुठलं तरी एक तिने उघडलं, आणि आता आत काहीतरी भयंकर असणार. म्हणजे 'द'चा संबंध पहिल्या-दुसऱ्या वेळेशी नव्हताच. बोलणारा ऐकणाऱ्याला म्हणत होता, 'कुठलं ते तुला ठाऊक आहे.' घर म्हटलं की दार आलंच, त्याची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. 'द' म्हणजे बोलणाऱ्याने ऐकणाऱ्याच्या हातावर दिलेली टाळी. 'अ' म्हणजे, थांब, आता एक नवीन माणूस आणतोय.

मराठीत ही टाळी नाही, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. आहे की. 'मी वकील शोधतेय' आणि 'मी वकिलाला शोधतेय', ही दोन वाक्यं म्हणून बघा. पहिल्यात कुठलाही चालेल, मला एक वकील हवा आहे. दुसऱ्यात वकील ठरलेला आहे, मघाशी इथेच होता, आता दिसत नाहीये. अख्खं 'अ' आणि 'द'चं प्रकरण आपण एका 'ला'त मिटवलं आहे, आणि ते करताना आपल्याला पत्ताही लागत नाही. ही जोडी सापडल्यापासून मी अडले की वाक्य मराठीत म्हणून पाहते. कुठेतरी 'ला' किंवा 'तो' डोकावला की तिकडे 'द'. नेहमी जमत नाही. 'गो टू प्रिझन' म्हणजे शिक्षा भोगायला जाणे आणि 'गो टू द प्रिझन' म्हणजे त्या इमारतीत भेटीला वगैरे जाणे, इथे माझा 'ला' कामाचा नाही. इथे 'द' नसण्यालाच अर्थ आहे. इमारत पुसली जाते आणि तिथे ज्यासाठी जातात ते काम तेवढं उरतं. एवढासा शब्द गाळायचा राहिला तर भेटीला गेलेला माणूस आणि कैदी यांची अदलाबदल होते.

काळांचंही असंच. 'मी कालच आलेय' हे आपण बिनदिक्कत म्हणतो. त्याचं सरळ इंग्रजी, 'आय हॅव कम यस्टर्डे', तिथे चालत नाही. वर्षानुवर्षं मी ही चूक केली आणि दर वेळी दुरुस्त होऊन आली. 'हॅव'वालं रूप घडून गेलेल्या गोष्टीला आत्ताशी दोरीने बांधतं, आणि 'काल' हा शब्द ती दोरी कापतो. दोन्ही एका वाक्यात नांदत नाहीत. आपल्या 'आलेय'ला तसली अडचण नाही. त्याला काल येऊन आज इथे असणं दोन्ही एकदम म्हणता येतं. कधीकधी वाटतं, यात आपलीच सोय जास्त बरी आहे.

नियमांतही दोन जाती असतात हे फार उशिरा कळलं. 'हॅव'ची दोरी हा भाषेच्या हाडातला नियम. तो मोडला तर लहान मूलसुद्धा दचकतं. आणि काही नियम नुसत्या शिष्टाचाराचे असतात, कुणीतरी घालून दिलेले. वाक्याच्या शेवटी 'टू', 'विथ', 'ऑफ' असलं शब्दयोगी अव्यय येऊ नये, हा त्यातला. सतराव्या शतकात कवी ड्रायडनने यावर नाक मुरडलं होतं, लॅटिनच्या धाकाने. पुढे १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथ या धर्मगुरूंचं व्याकरण आलं, त्यात गंभीर लेखनात ही रचना टाळलेली बरी असं म्हटलं होतं. पण आपल्या भाषेचा कल या रचनेकडे फार आहे, हे सांगणारं लाउथ यांचं वाक्य स्वतःच 'टू'वर संपतं. ती त्यांनी मुद्दाम केलेली गंमत असावी असं पुष्कळांना वाटतं, मलाही वाटतं. गंमत बाजूला राहिली आणि नियम तेवढा पिढ्यानपिढ्या छडीसारखा फिरत राहिला. माझ्याही वाक्यांची शेपटं या छडीच्या भीतीने मी कितीदा छाटली आहेत! छाटल्यावर ती अवघडून उभी राहायची, नवे बूट घातल्यासारखी.

आता पुन्हा त्या डासांकडे येते.

मराठी वाचणाऱ्याला स्वल्पविराम सजावटीसारखा वाटतो, त्याला कारण आहे. आपल्या वाक्याला त्याची तितकी निकड नाही. क्रियापद शेवटी येतं, ते आलं की वाक्य संपलं हे कानालाच कळतं. कोण काय म्हणालं ते 'की', 'असं', 'म्हणून' सांगतात. 'ज्या'ला 'त्या' येऊन मिळतो, कडी बसल्यासारखा. जुन्या पोथ्यांत दंडावर, म्हणजे उभ्या रेघेवर, भागायचं. मोडीत तर शब्दांमध्ये जागाही सोडत नसत. स्वल्पविराम, अर्धविराम हे सगळं आपल्याकडे इंग्रजी अमदानीत छापखान्याबरोबर आलं. मेजर थॉमस कँडी यांनी ते मराठीत रुजवलं. दीडशे-पावणेदोनशे वर्षांचे पाहुणे. अजून आपण त्यांना बाहेरच्या खोलीतच बसवतो.

इंग्रजीतही ते आधी श्वासासाठीच होते. इसवी सनापूर्वी २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचे प्रमुख ॲरिस्टोफनीस यांनी ग्रीक मजकुरात तीन उंचींवर ठिपके द्यायची पद्धत काढली. वाचणारा मोठ्याने वाचणार, त्याने कुठे किती थांबायचं, याच्या त्या खुणा. 'कॉमा' हा शब्द तेव्हा चिन्हाचं नाव नव्हता. त्याचा अर्थ कापलेला तुकडा, वाक्याचा लहान तुकडा. तुकड्याचं नाव पुढे सुरीला पडलं. अर्धविराम तर फारच अलीकडचा, १४९० च्या दशकात व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउस या मुद्रकाच्या छापखान्यातला. मग लोक मनात वाचायला लागले, छापलेली पुस्तकं वाढली, आणि श्वासाच्या खुणा हळूहळू अर्थाच्या खुणा झाल्या. शाळेत मला 'थोडं थांबायचं तिथे स्वल्पविराम' असं शिकवलं होतं. ते ॲरिस्टोफनीसच्या काळासाठी ठीक होतं. बाईंच्या कागदावर थांबण्या-न थांबण्याचा प्रश्नच नव्हता.

या बारक्यांची ताकद पाहायची तर अमेरिकेतल्या मेन राज्याचा एक खटला आहे. तिथल्या कायद्यात जादा कामाच्या मोबदल्यातून काही कामं वगळली होती. त्यांची यादी अशी: डबाबंद करणे, प्रक्रिया करणे, टिकवणे, गोठवणे, वाळवणे, विकणे, साठवणे, आणि शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन'. 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नाही. दूध पोचवणारे ट्रकचालक म्हणाले, इथे वगळलंय ते फक्त 'पॅकिंग', मग ते पाठवणीसाठी असो वा वितरणासाठी. आम्ही वितरण करतो, पॅकिंग करत नाही. तेव्हा आमचे पैसे द्या. कंपनी म्हणाली, नाही, 'वितरण' हे यादीतलं शेवटचं, स्वतंत्र काम आहे. एक स्वल्पविराम असता तर कंपनी बरोबर होती. त्यात भर म्हणजे त्या राज्याच्या कायदे लिहिण्याच्या नियमपुस्तिकेत, यादीतल्या शेवटच्या घटकाआधी स्वल्पविराम देऊ नये, अशीच सूचना होती. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं की अर्थ संदिग्ध आहे, आणि संदिग्ध असेल तिथे कामगाराच्या बाजूने वाचायचं. एक स्वल्पविराम नव्हता म्हणून हा खटला उभा राहिला, अशा अर्थाच्या वाक्याने निकालपत्राची सुरुवातच झाली होती. पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. विधिमंडळाने कायद्याचं ते कलम नव्याने लिहिलं. या खेपेला स्वल्पविराम नकोच म्हणून कामाकामांमध्ये चक्क अर्धविराम घातले.

मी हे वाक्य मराठीत करून पाहिलं. 'पाठवणी किंवा वितरणासाठी बांधणे' एक, आणि 'पाठवणीसाठी बांधणे किंवा वितरण करणे' दुसरं. मराठीत दोन्ही अर्थ एकाच वाक्यात बसेनात. 'साठी' कुठे चिकटतो त्यावर निकाल लागून जातो. म्हणजे भाषांतर करायचं तर मला आधी न्यायाधीश व्हावं लागणार. संदिग्धता तशीच्या तशी पलीकडे नेणं हे अर्थ नेण्यापेक्षा अवघड काम आहे. सभासदांच्या वाक्यात मी न कळत न्यायनिवाडा केला होता, एवढाच काय तो फरक.

बाई आता नाहीत. शिसपेन्सिलही राहिली नाही, दुरुस्त्या पडद्यावर होतात. पण इंग्रजी मजकूर आला की मी तो पहिल्यांदा शब्द न वाचता वाचते, म्हणजे फक्त ठिपके आणि शेपट्या बघत खालपर्यंत जाते. कुणी बघितलं तर वेड लागलंय म्हणेल.

गेल्या महिन्यात असंच एक परिपत्रक आलं. त्यात वाक्य होतं, 'द अप्लिकंट्स हू हॅड सबमिटेड द फॉर्म्स, विल बी इन्फॉर्म्ड.' स्वल्पविराम एकच. 'हू'च्या आधी नाही, 'फॉर्म्स'च्या नंतर आहे. जोडीतला एक डास आला होता, दुसरा आला नव्हता. आधीचा चुकून राहिला असेल तर सगळ्या अर्जदारांना कळवणार. नंतरचा चुकून पडला असेल तर फक्त अर्ज भरलेल्यांना. मी मराठी ओळ रिकामी सोडली आणि परिपत्रक लिहिणाऱ्यांना विचारलं, तुम्हाला सगळे म्हणायचे आहेत की काही?

दोन दिवसांनी उत्तर आलं. "तसा विचार केला नव्हता. वर विचारून सांगतो."

ती ओळ अजून रिकामीच आहे.